आवळा, कोहळा आणि नातवाची वही

शिक्षकाला एक वाईट खोड असते. कुणीही वही उघडून लिहीत बसलेले दिसले की त्याचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. २०२४ च्या जूनमध्ये माझे तसेच झाले.

आमच्या आक्काचा नातू सुट्टीला डॅलसहून बेळगावला आला होता. वय वर्षे तेरा. मराठी बोलतो छान, वाचताना मात्र जोडाक्षरापाशी अडखळतो. मला ‘मामाआजोबा’ म्हणतो. तो आला आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस आला. बेळगावचा पाऊस एकदा लागला की पाहुण्याला घरात कोंडून घालतो. दोन दिवस पोराने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी पाहतो तर स्वारी झोपाळ्यावर मांडी घालून, मांडीवर लांबलचक वही घेऊन लिहिण्यात गर्क. मी चष्मा सावरून मागून डोकावलो. डावीकडे काही नावे, मध्ये बाण, उजवीकडे आणखी काही नावे. मला वाटले, रसायनशास्त्राची समीकरणे असावीत. मनात म्हटले, आक्काने नातवाला वळण चांगले लावले आहे.

“कुठला धडा हा?” मी विचारले.

“धडा नाही, मामाआजोबा. ट्रेड्स आहेत.”

मग त्याने मला समजावून सांगितले, आणि जे समजले नाही ते मी पुढे वाचून काढले. अमेरिकेत बास्केटबॉलची एन.बी.ए. नावाची व्यावसायिक स्पर्धा आहे. तीत तीस संघ आहेत. या संघांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते. एकाने आपला खेळाडू द्यायचा, दुसऱ्याचा घ्यायचा. खेळाडूबरोबर पुढच्या वर्षांतले निवडीचे हक्कही देता येतात. दरवर्षी नव्या दमाच्या खेळाडूंची निवड होते, तीत साधारणपणे दुबळ्या संघांना आधी हात घालायला मिळतो. म्हणून दुबळ्या संघाच्या पहिल्या फेरीतल्या हक्काला मोल फार आणि दुसऱ्या फेरीतल्या हक्काला बेताचे. या व्यवहाराला फेब्रुवारीत एक शेवटची तारीख असते. ती जवळ आली की लाखो चाहते हाच उद्योग करतात. आपल्या संघाचे कोण द्यायचे आणि समोरच्याचे कोण आणायचे, याच्या याद्या करत बसतात.

आमच्या नातवाचे दुःख ताजे होते. त्याचा डॅलसचा संघ, मॅव्हरिक्स, त्याच महिन्यात अंतिम फेरीत बॉस्टनकडून एकास चार सामन्यांनी हरला होता. ‘एक चांगला खेळाडू आणखी असता तर’ या एका वाक्याच्या पोटी त्या वहीतली चाळीसेक समीकरणे जन्माला आली होती. त्यांतले पहिलेच वाचून मी थांबलो. डॅलसने टिम हार्डवे आणि माक्सी क्लेबर हे दोघे आणि दुसऱ्या फेरीतला एक हक्क द्यायचा, आणि युटाने लॉरी मार्कानेन द्यायचा. मार्कानेन म्हणजे सात फूट उंचीचा फिनलंडचा खेळाडू, २०२३ साली निवडक ताऱ्यांच्या सामन्यात खेळलेला. हार्डवे आणि क्लेबर हे डॅलसचे जुने, पण अंतिम फेरीत बाकावरून उतरणारे.

“युटावाले हे का करतील?” मी विचारले.

“त्यांना दोन प्लेअर्स मिळतात ना! आणि पिक पण.”

आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. मी समासात लाल पेनाने लिहिले, ‘कोहळेवाल्याला विचारले का?’ आणि दहापैकी दोन गुण दिले. त्याला म्हण समजावून सांगावी लागली, आणि कोहळा दाखवायला बाजारात न्यावे लागले.

गंमत अशी की महिना संपता संपता खरी बातमी आली. डॅलसने हार्डवेला खरोखरच डेट्रॉइटला दिले. पण कसे? हार्डवेबरोबर दुसऱ्या फेरीतले तीन हक्क वर घालून! बदल्यात आला क्वेंटिन ग्राइम्स नावाचा तरुण, फारसे नाव नसलेला खेळाडू. हार्डवेचा वर्षाचा पगार सुमारे १ कोटी ६२ लाख डॉलर आणि ग्राइम्सचा सुमारे ४३ लाख. नव्या खेळाडूंसाठी पैशाची जागा मोकळी करायची म्हणून डॅलसला हे करावे लागले. नातवाच्या वहीत जो खेळाडू नाण्यासारखा चालत होता, तो बाजारात ओझे निघाला. उचलून न्यावे म्हणून वर हमाली द्यावी लागली. आणि मार्कानेनशी युटाने ऑगस्टमध्ये नवा, आणखी मोठा करार केला.

पोर हिरमुसले. मला मात्र मास्तरकीचा हुरूप आला. चुका सगळ्या एकाच ठिकाणी सापडल्या की शिकवायला बरे पडते.

पहिली चूक बेरजेची. चाहत्याला वाटते, पन्नास गुणांचे दोन खेळाडू म्हणजे शंभर गुणांचा एक. पण बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाचच जण असतात आणि सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. पाच गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे. कुणालाही कितीही खेळाडू दिलेत तरी ही मिनिटे दोनशे एक्केचाळीस होत नाहीत. नियमित करारावरचे खेळाडूही पंधराच ठेवता येतात. समोरच्याला एकाच्या बदल्यात तिघे दिले, तर त्याने आधीच्यांतले दोघे घरी पाठवायचे की काय? शिवाय मोठा खेळाडू मैदानावर एकाच माणसाची जागा अडवतो, पण त्याला रोखायला समोरच्यांना दोन माणसे लावावी लागतात. ते सुख तीन साधारण खेळाडूंच्या बेरजेत मिळत नाही.

यावर नातवाने मला इतिहासाचा दाखला दिला. “मग लेकर्सनी करीमला कसं घेतलं?”

दाखला खरा होता. १९७५ साली मिलवॉकीच्या संघाने करीम अब्दुल-जब्बार लॉस एंजेलिसच्या लेकर्सना दिला आणि बदल्यात चार खेळाडू घेतले. करीम त्या वेळी तीनदा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. लेकर्सने त्याच्यासह पुढे पाच अजिंक्यपदे मिळवली. मिलवॉकीला आलेल्या चौघांतले दोघे चांगले निघाले, संघ टिकून राहिला; पण त्यांना पुढचे अजिंक्यपद मिळायला २०२१ साल उजाडले. वरवर पाहता एकतर्फी. पण करीमने स्वतःच आपल्याला दुसऱ्या शहरात जायचे आहे, असे संघाला सांगितले होते. जाणाऱ्याला जायचेच होते, आणि देणाऱ्याला काहीच हाती न लागण्यापेक्षा चार जण बरे होते. व्यवहार झाला तो दोन्ही बाजूंची गरज होती म्हणून. मिलवॉकीवाले झोपले होते म्हणून नव्हे.

जुलैत पावसाने दोन दिवस उघडीप दिली, तेव्हा मी नातवाला शाळेत घेऊन गेलो. मैदानाच्या कडेला आमच्या पी.टी. सरांनी एका लोखंडी खांबावर बास्केटबॉलची रिंग बसवलेली आहे. मी त्यांच्या हाती नातू सोपवला आणि ऑफिसात शिरलो. तासाभराने बाहेर आलो तर दोघे वऱ्हांड्याच्या पायरीवर बसलेले. मध्ये वही उघडी, आणि नातू आपली समीकरणे समजावतो आहे. मी मागे उभा आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

पी.टी. सर हसत म्हणाले, “आमचं पण एकदा असंच लिहिलं होतं की हेडसरांनी. दोन देतो, एक द्या.”

मी आलो तसा पाय न वाजवता ऑफिसात परत गेलो.

ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो आणि दहावीच्या गणिताचा निकाल घसरला होता. आमच्याच संस्थेच्या, खानापूरच्या बाजूला असलेल्या शाखेत गणिताच्या एक बाई होत्या. त्यांच्या हाताखालची मुले गणितात हटकून पुढे असत. त्या बाई मला हव्या होत्या. मी तिथल्या मुख्याध्यापिकांना पत्र लिहिले, की या बाई आम्हाला द्या. बदल्यात आमचे दोन शिक्षक तुमच्याकडे पाठवतो. दोघांतले एक हे पी.टी. सर. त्यांची कामगिरी मी पत्रात भरपूर फुगवून लिहिली होती. खरे कारण एवढेच, की त्या काळात माझ्या लेखी मैदानापेक्षा निकाल मोठा होता आणि पी.टी.चे तास मला गणिताला द्यायचे होते.

मुख्याध्यापिकांचा फोन आला. बाई वयाने आणि अनुभवाने माझ्याहून मोठ्या. म्हणाल्या, “सर, तुम्ही उदार आहात. पण माझे वर्ग तेवढेच, तास तेवढेच. दोघांना घेऊन मी बसवू कुठे? आणि माझ्या दहावीला गणित कोण शिकवणार, तुम्ही येणार?” मी ओशाळून हसलो. विषय तिथेच संपला असे मी धरून चाललो. ते पत्र टाईप करून घेतले होते, आणि शाळेच्या ऑफिसात टाईप झालेला कागद स्टाफरूमला कळत नाही असे कधी होत नाही, हे मला तेव्हा सुचले नव्हते. अकरा वर्षे पी.टी. सरांनी मला त्यातले अवाक्षर ऐकवले नाही. ऐकवले ते एका तेरा वर्षांच्या पोराला, तेही हसत.

त्या रात्री मी नातवाची वही पुन्हा चाळली. दिलेले गुण तसेच ठेवले, पण समासातल्या शेऱ्यांतला तोरा जरा कमी केला.

दुसरी चूक त्या वहीत होती तशीच माझ्या पत्रातही होती. आपला तो बाब्या, ही म्हण आपण पोटच्या पोराबद्दल वापरतो. पण ती हातातल्या कुठल्याही वस्तूला लागू पडते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बास्केटबॉलचे वेड एवढे, की मोठ्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थी तंबू ठोकून राहतात, आणि तरीही शेवटी चिठ्ठ्या टाकून तिकिटे दिली जातात. झिव कारमॉन आणि डॅन अॅरिएली या दोन अभ्यासकांनी चिठ्ठी लागलेल्यांना आणि न लागलेल्यांना विचारले. न लागलेले म्हणाले, तिकिटाला सरासरी सुमारे १७० डॉलर देऊ. लागलेले म्हणाले, सुमारे २४०० डॉलरच्या खाली विकणार नाही. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतली मुले एकाच रांगेतली, सारखीच वेडी. फरक फक्त चिठ्ठीचा. तिकीट हातात पडले आणि त्याचे मोल चौदा पट झाले.

चाहत्याचे तेच होते. आपल्या बाकावरचा खेळाडू त्याला ओळखीचा असतो. त्याने एका रात्री शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू त्याला आठवतो. समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाला ती रात्र आठवत नाही. त्याला दिसतात ते वय, गुडघा आणि कराराची उरलेली वर्षे. आणि मौज म्हणजे युटातही एक तेरा वर्षांचा मुलगा असतोच, आपल्या बाकावरचे दोघे देऊन डॅलसचा तारा मागणारा. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या तर एकही व्यवहार जुळणार नाही.

तिसरी चूक नियमांची. एन.बी.ए.त प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. २०२४-२५ च्या हंगामात ती सुमारे १४ कोटी डॉलर होती. ती ओलांडता येते, आणि पुष्कळ संघ ओलांडतात. पण ओलांडलेल्या संघाला अदलाबदलीत साधारण जेवढ्या पगाराचा खेळाडू द्यायचा तेवढ्याच पगाराचा घेता येतो. २०२३ च्या नव्या करारनाम्यात फार उधळणाऱ्या संघांसाठी आणखी वरची एक रेषा आखली गेली. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठ्या पगाराचा एक खेळाडू आणता येत नाही. म्हणजे ‘दोन देतो, एक द्या’ हे वाक्य त्यांना नियमानेच बंद!

एक नियम तर एका मालकाच्या उतावळेपणाची आठवण म्हणून उरला आहे. टेड स्टेपियन हा १९८० ते १९८३ या काळात क्लीव्हलंड संघाचा मालक होता. त्याच्या अमदानीत संघाने पहिल्या फेरीतले हक्क एकामागून एक वाटून टाकले. त्याच्या आधी थोडे दिवस, १९८० मध्येच, डॉन फोर्ड नावाचा साधारण खेळाडू घेताना क्लीव्हलंडने १९८२ चा पहिल्या फेरीतला हक्क लेकर्सना देऊन टाकला होता. पुढे क्लीव्हलंडची एवढी घसरण झाली की तो हक्क त्या वर्षीचा सर्वांत पहिला ठरला, आणि नुकत्याच अजिंक्य झालेल्या लेकर्सना त्यावर जेम्स वर्दी मिळाला. शेवटी संघटनेनेच नियम केला, की लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले हक्क कुणालाही देऊन टाकता येणार नाहीत. या नियमाला आजही स्टेपियनचे नाव आहे. नातवाच्या वहीत हा नियम सात ठिकाणी मोडला होता.

चौथी चूक घाईची. व्यवहार एकतर्फी होता की नाही, हे त्याच आठवड्यात कळते असे चाहत्याला वाटते. फेब्रुवारी २००८ मध्ये मेम्फिसने पाऊ गॅसोल हा आपला स्पॅनिश तारा लेकर्सना दिला, तेव्हा साऱ्या देशाने मेम्फिसला हसून घेतले. लेकर्सने २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे जिंकली, म्हणजे हसणारे खरेच ठरले. पण मेम्फिसला जे किरकोळ मिळाले त्यात पाऊच्या धाकट्या भावाचे, मार्क गॅसोलचे, हक्क होते. त्याला एका वर्षापूर्वी अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर निवडले होते, म्हणजे जवळजवळ फुकट. तोच मार्क २०१३ साली सर्व स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. लेकर्सना आज हवे होते, मेम्फिसला उद्या. २०१९ मध्ये क्लिपर्स संघाने पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला पहिल्या फेरीतले पाच हक्क दिले, निवडीची जागा बदलून घेण्याचे दोन हक्क दिले, आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एकविशीतला मुलगाही दिला. २०२५ साली ओक्लाहोमा सिटी अजिंक्य झाली आणि तो मुलगा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू.

“म्हणजे तेव्हा बरोबर काय हे कुणालाच माहीत नसतं?” नातवाने विचारले.

“माहीत नसतं. पण आपल्याला काय हवंय आणि समोरच्याला काय हवंय, हे दोन्ही विचारता येतं. व्यवहार तिथंच होतो, जिथं दोघांना वेगवेगळं हवं असतं. दोघांनाही एकच हवं असेल तर ती मारामारी.”

हे वाक्य बोलून झाल्यावर माझे मलाच ते आवडले. ऑगस्टमध्ये नातू परत गेला. वही घेऊन गेला.

२ फेब्रुवारी २०२५ चा रविवार. सकाळी बातमी आली आणि रात्री भाच्याचा फोन आला. “मामा, जरा याच्याशी बोला. सकाळपासून खाल्लं नाही काही.”

डॅलसने लुका डॉनचिच लेकर्सना देऊन टाकला होता. पंचवीस वर्षांचा, संघाला आठच महिन्यांपूर्वी अंतिम फेरीत नेणारा, नातवाच्या खोलीच्या भिंतीवरचा डॉनचिच. बदल्यात आला अँथनी डेव्हिस. मोठा खेळाडू, पण एकतीस वर्षांचा आणि दुखापतींना धरून असलेला. सोबत मॅक्स क्रिस्टी नावाचा एक तरुण आणि २०२९ चा पहिल्या फेरीतला एकच हक्क. पाच हक्क नव्हेत, एक!

मी मनात शब्द जुळवू लागलो. सहा महिने ज्या पोराला शिकवले की एकतर्फी व्यवहार खऱ्या जगात होत नाहीत, त्याच्याच शहरात, त्याच्याच संघाकडून तो झाला होता. लेकर्सच्या एखाद्या पोराने अशी मागणी वहीत लिहिली असती, तर मी दहापैकी शून्य दिले असते. मला वाटले, आता तो हेच विचारणार. उत्तर मी तयार ठेवले होते. डॅलसच्या व्यवस्थापकाने आपली वस्तू बाजारात दाखवलीच नाही, एकाच गिऱ्हाइकाशी गुपचूप बोलणी केली, अशी बातमी होती. डॉनचिचचा येणारा करार सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा झाला असता, त्याचा धसका आणि बचाव मजबूत करण्याची घाई, या दोन्हींत माल स्वस्तात गेला. अशी चूक कधीतरी कुणाच्या तरी हातून होते. पण समोरचा चुकेल या आशेवर आपला संसार मांडता येत नाही.

यातले काहीच त्याने विचारले नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “मामाआजोबा, त्यांनी लुकाला विचारलंसुद्धा नाही.”

तयार उत्तर माझ्या घशातच राहिले.

विचारले नव्हते हे खरेच. एकोणीस वर्षांचा असताना तो स्लोव्हेनियाचा मुलगा डॅलसला आला होता. आपली सगळी कारकीर्द इथेच होईल असे वाटले होते, असे त्याने निरोपाच्या पत्रात लिहिले. ९ एप्रिलला तो लेकर्सच्या वेशात डॅलसला खेळायला आला. सामन्याआधी जुन्या आठवणींची चित्रफीत दाखवली तेव्हा बाकावर बसून रडला, आणि मग मैदानात उतरून ४५ गुण केले. डॅलसचे प्रेक्षक आपल्या संघाविरुद्ध पडणाऱ्या गुणांना टाळ्या वाजवत होते. डेव्हिस डॅलसकडून पहिलाच सामना खेळताना जायबंदी झाला होता. मे महिन्यात नशिबाने उलटी खेळी केली. शंभरात दोनाहून कमी संधी असताना सोडतीत डॅलसला पहिली निवड मिळाली आणि कूपर फ्लॅग हा मुलगा त्यांच्याकडे आला. पण ते दान देवाचे, व्यवस्थापकाचे नव्हे. त्याला नोव्हेंबर २०२५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

जूनच्या शेवटी, नवी निवड झाल्यावर, नातवाने नव्या वहीच्या एका पानाचा फोटो मला पाठवला. चाळीस समीकरणांच्या जागी आता तीनच होती. बाण तसेच होते, पण डाव्या बाजूला एक नवा रकाना आखलेला. वर वेड्यावाकड्या मराठीत मथळा, ‘त्यांना काय हवं?’ आणि त्याच्याखाली लहान अक्षरात, ‘आणि प्लेअरला?’ तिसऱ्या समीकरणासमोर त्याने स्वतःच फुली मारली होती आणि शेरा दिला होता, ‘ते नाही म्हणतील.’

मी बराच वेळ त्या फोटोकडे पाहत होतो. विद्यार्थ्याने आपला पेपर दुरुस्त केला होता. मास्तरांचा मात्र अकरा वर्षे, आता बारा, तसाच पडून होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पी.टी. सरांना ऑफिसात न बोलावता स्वतः मैदानावर गेलो. ते रिंगची फाटलेली जाळी सुतळीने बांधत होते. शाळेत मी कितीतरी भाषणे केली आहेत, पण चार शब्द जुळवायला त्या दिवसाएवढे कष्ट कधी पडले नाहीत.

“सर,” मी म्हणालो, “ते पत्र. त्या वेळी मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

त्यांनी सुतळीची गाठ मारून पुरी केली. मग म्हणाले, “विचारला असता तर जातो म्हणालो असतो, सर. माझं गाव तिकडंच की. शाळेपासून चालत दहा मिनिटं.”

मला काही सुचेना. हा माणूस रोज सकाळी खानापूरच्या बाजूने बस पकडून बेळगावला येतो, हे मला माहीत होते. ते मी नुसते हजेरीच्या वेळेपुरते माहीत करून घेतले होते.

“आणि तिथले पी.टी. सर इथले, बेळगावचे,” ते पुढे म्हणाले. “ते रोज इकडनं तिकडं, मी तिकडनं इकडं. कितीदा बसच्या खिडकीतनं हात केलाय एकमेकांना.”

“मग तुम्ही अर्ज का नाही केलात? एकास एक. दोन्ही शाळांनी आनंदानं सही केली असती.”

“करणार होतो. दोघांचं बोलणंपण झालं होतं. तेवढ्यात तुमचं पत्र आलं.” ते जरा थांबले. “बदली मागून घरी जाणं वेगळं, सर. नको झाला म्हणून वरती घालून पाठवला, असं होऊन गावात जायचं नव्हतं.”

मी विचारले, “आणि आता?”

“आता कुणाशी करणार? ते मागल्या वर्षीच रिटायर झाले.”

घंटा झाली. त्यांनी जाळी एकदा ओढून पाहिली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि आठवीच्या मुलांना रांगेत उभे करायला गेले.